नेमसर्व्हरचा जुना बॅकअप थेट सुरू करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाविद्यालये, नगरपालिका, सहकारी बँका अशा अनेक संस्था स्वतःचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारा नेमसर्व्हर, चालवतात. त्याची डिस्क गेली की वरिष्ठांचा एकच धोशा सुरू होतो: बॅकअप टाका आणि चालू करा. खरे नुकसान या घाईतच होते.

दुय्यम सर्व्हर, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या नोंदींची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर, शाबूत असेल तर उत्तरे मिळतच राहतात. झोनच्या, म्हणजे एका डोमेनच्या नोंदींच्या संचाच्या, सुरुवातीला असणाऱ्या एसओए नोंदीतला ‘एक्स्पायर’ आकडा पाहावा. तो १२०९६०० सेकंद असेल, तर मुख्य सर्व्हरशी शेवटचा संपर्क झाल्यापासून १४ दिवस दुय्यम एकटा काम रेटतो. शिवाय ताज्या नोंदीही त्याच्याकडेच असतात, गेल्या आठवड्याच्या बॅकअपमध्ये नाही. म्हणून झोन आधी त्याच्याकडून ‘डिग’ या आज्ञेच्या एएक्सएफआर (संपूर्ण झोन मागणाऱ्या) विनंतीने उतरवून घ्यावा. त्यासाठी नव्या यंत्राच्या आयपीला परवानगी आणि टीसीपी ५३ पोर्ट खुले लागते. थेट फाइल उचलायची असेल, तर बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरच्या ९.९ आवृत्तीपासून ती मूळ सेटिंगनुसार ‘रॉ’ (बायनरी) स्वरूपात असते. ‘नेम्ड-कंपाइलझोन’ने तिचा मजकूर करावा. मुख्य सर्व्हरचे कॉन्फिगरेशन, त्याच्या इतर टीएसआयजी किल्ल्या (सर्व्हरमधला संवाद प्रमाणित करणाऱ्या) आणि डीएनएससेकच्या (नोंदींवर डिजिटल सही करणाऱ्या) खासगी किल्ल्या मात्र दुय्यमकडे मिळणार नाहीत. बॅकअप खरा लागतो तो यांच्यासाठी.

झोन बॅकअपमधूनच घ्यावा लागला, तर सर्व्हर नेटवर्कवर आणण्याआधी एसओएमधला सीरियल क्रमांक (झोनची आवृत्ती दाखवणारा) दुय्यमकडच्या क्रमांकापेक्षा मोठा करावा. पण त्याआधी दोन्हींतल्या नोंदी ताडून पाहाव्यात. क्रमांक लहान राहिला तर दुय्यम नवी प्रत घेतच नाही. एकाच नावाला दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळतात आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. न ताडता क्रमांक वाढवला, तर दुय्यमवर वाचलेल्या ताज्या नोंदीही पुसल्या जातात. दुसरी चूक सगळ्यात महागात पडते.

डायनॅमिक अपडेट (चालू सर्व्हरवर थेट येणारे नोंदींचे बदल) घेणाऱ्या झोनची दुसरी अडचण. ताजे बदल आधी जर्नल फाइलमध्ये जातात आणि काही मिनिटांनी मूळ फाइलमध्ये उतरतात. चालू सर्व्हरवरून नुसत्या फाइल कॉपी केल्या की जर्नल आणि झोन जुळत नाहीत आणि परत आणलेला झोन लोडच होत नाही. बॅकअपपूर्वी बदल थांबवणारी ‘आरएनडीसी फ्रीझ’ आणि नंतर ते पुन्हा सुरू करणारी ‘थॉ’ आज्ञा द्यावी.

फाइल जागेवर आल्यावर मालकी ‘नेम्ड’ किंवा ‘बाइंड’ या वापरकर्त्याकडे आहे ना, पाहावे. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा यंत्रणा) असेल तर फाइलची सुरक्षा-खूण पूर्ववत करणारे ‘रिस्टोरकॉन’ चालवावे, नाहीतर परवानग्या बरोबर दिसूनही फाइल उघडत नाही. मग ‘नेम्ड-चेककॉन्फ’ झेड पर्यायासह चालवून सगळे झोन तपासावेत आणि सेवा सुरू झाल्यावर दोन्ही सर्व्हरना एसओए विचारून क्रमांक जुळतात का ते पाहावे.

बॅकअप सर्व्हरचा पत्ता नावाने नोंदवलेला असतो आणि ते नाव सांगणारा सर्व्हरच बंद पडलेला असतो, हेही अनेकदा लक्षात येत नाही. तो आयपी पत्ता कागदावर छापून ठेवावा.

संस्थाचालकांना आणि लेखापरीक्षकांना एक आग्रहाची विनंती. मुख्य आणि दुय्यम सर्व्हर वेगवेगळ्या ठिकाणी असावेत, हे आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजात १९९७ सालीच सांगितले आहे. तरीही दोन्ही एकाच स्टोरेजवर आभासी यंत्रे म्हणून ठेवले जातात. ते स्टोरेज गेले की वर सांगितलेला १४ दिवसांचा अवधी उरतच नाही. तपासणीत ‘बॅकअप आहे का’ एवढेच न विचारता ‘दुय्यम कोणत्या इमारतीत, कोणत्या डिस्कवर आहे’ हेही विचारावे.

आपला,
एक नेटवर्क प्रशासक, पुणे