स्कीचा ब्रेक आणि तुमचा खडू

इन्सब्रुक, ९ फेब्रुवारी

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "फळीला कसला आलाय ब्रेक?" मी सांगायला सुरुवात केली आणि रेंज गेली. नंतर वाटलं, बरंच झालं. ही गोष्ट चित्र काढल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही आणि व्हिडिओ कॉलवर मला तुमचा फक्त कान दिसतो. म्हणून हे पत्र. मागच्या कागदावर आकृती आहे, आधी ती बघा.

दोन्ही पायांत एकेक लांब फळी असते, ती स्की. तिच्यावर बूट अडकवायचं जे यंत्र बसवलेलं असतं त्याला बाइंडिंग म्हणतात. पुढे चवडा धरायला एक भाग, मागे टाच धरायला एक. माणूस पडून पाय पिरगळायला लागला की बाइंडिंगनं बूट सोडून द्यायचा, नाहीतर गुडघा किंवा नळी जाते. पण बूट सुटला की मोकळी स्की उतारावरून एकटीच पळत सुटते. तिच्या कडा पोलादी असतात, खाली कुणाच्या पायावर गेली तर काय होईल बघा. पूर्वी पट्ट्यानं स्की घोट्याला बांधून ठेवायचे. मग पडलं की तीच स्की गरगरत येऊन मालकाच्या डोक्यात बसायची. सत्तरच्या दशकात ब्रेक आले आणि पट्टे हळूहळू गेले.

ब्रेक म्हणजे टाचेखाली एक छोटी पट्टी आणि स्कीच्या दोन्ही अंगांना एकेक वाकवलेली पोलादी दांडी, टोकाला प्लास्टिकची टोपी. बूट आत बसला की पट्टी दाबली जाते आणि दांड्या वर उचलून आत मिटतात. बूट सुटला की स्प्रिंग त्यांना खाली ढकलते आणि त्या बर्फात रुततात. आता ओळखलंत ना? मला तर मी काम करते त्या स्कीच्या दुकानातल्या मास्तरांनी दाखवलं त्या क्षणी तुमचं माटुंग्याचं रेल्वे वर्कशॉप आठवलं. ब्रेक पाइपात पाच किलो दाब आहे तोवर गाडी मोकळी, साखळी ओढा नाहीतर कपलिंग तुटू द्या, दाब गेला की ब्रेक आपोआप लागलाच. ब्रेक लावायला ताकद लागत नाही, सोडून ठेवायला लागते, हे तुम्ही मला सातवीत डब्याखाली वाकून दाखवलं होतं. इथे हवेच्या जागी माझा पाय.

(पुढचा परिच्छेद आईला वाचून दाखवू नका.)

डिसेंबरात मी साठ युरोला जुन्या स्की घेतल्या. पॅचरकोफेल म्हणून डोंगर आहे, शहरातल्या बसनं जाता येतं. १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये फ्रान्झ क्लामरनं डाउनहिल जिंकली ती इथेच. माथा २,२४६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या वर आणखी सहाशे. मी माथ्यावर वगैरे नव्हते, खालच्या पोराटोरांच्या उतारावर होते. तिथेही पडले. दोन्ही बूट सुटले, डावी स्की जागच्या जागी थांबली आणि उजवी आगगाडीसारखी निघाली. मी बर्फात बसून मराठीत ओरडतेय, खाली लोक बाजूला उड्या मारतायत. शेवटी जाळीत अडकली. कुणाला लागलं नाही. गस्तीवरच्या बाईंनी ती वर आणून दिली आणि जर्मनमध्ये जे सुनावलं ते सगळं कळलं नाही, पण सूर अगदी आपल्या आजीचा होता.

आई, इथून तू ऐक.

शनिवारी मी ज्या दुकानात काम करते त्याच्या तळघरात वर्कशॉप आहे. तिथल्या मास्तरांना स्की दाखवली. त्यांनी काहीच खोललं नाही. तळहातानं ब्रेकची पट्टी हळूहळू दाबली, सोडली, परत दाबली, आणि नुसतं बघत राहिले. डावी दांडी झपकन वर-खाली होत होती. उजवी वर गेली की स्कीच्या कडेला घासून तिथेच अडायची. मग त्यांनी माप घेतलं. स्कीची कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी, ८४ मिलिमीटर. ब्रेक ८० चा! आधीच्या मालकानं दुसऱ्या बारीक स्कीवरचं बाइंडिंग काढून इथे ठोकलं होतं आणि दांड्या पकडीनं बाहेर फाकवल्या होत्या. ब्रेक कमरेपेक्षा थोडा रुंदच लागतो, पण फार रुंद नको, साधारण पंधरा मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जास्त झाला की वळताना दांडी बर्फाला लागते. उजव्या टोकाची टोपीही गायब होती.

दुकानात गिऱ्हाइकाचा वाकलेला ब्रेक सरळ करून देत नाहीत, बदलतात. पण ही माझीच स्की, म्हणून मास्तर म्हणाले, शिकायचं तर खोल. मोठा फुलीचा स्क्रूड्रायव्हर दिला आणि पहिल्यांदा कशाला दटावलं असेल तर तेलाचा स्प्रे उचलला म्हणून. असला स्प्रे आतलं ग्रीस धुऊन नेतो. चिखल-मीठ ओल्या फडक्यानं आणि ब्रशनंच काढायचं. माझ्या बाइंडिंगचा टाचेचा भाग स्कीवर ठोकलेल्या पट्टीवरून मागे सरकवून काढता येतो, त्याच्या पोटात ब्रेक दोन स्क्रूंनी धरलेला.

दांडी वाइसमध्ये धरली, जबड्यांना लाकडाचे तुकडे लावून. वर पाइपाचा तुकडा चढवला आणि हळूच ओढलं. सोडलं की परत जागेवर! स्प्रिंगचं पोलाद, हवं त्यापेक्षा थोडं जास्त वाकवावं तेव्हा हवं तिथे येऊन थांबतं. कोपऱ्यातला गॅसचा दिवा बघून मला मोह झाला, पण तापवलं की पाणी उतरतं हे मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की हात पुढे गेलाच नाही. चौथ्या ओढीला दांडी डावीच्या जोडीला आली. मी खूश.

तेवढ्यात दांडी जिथे वळते तिथे पकडीच्या दातांचे वण दिसले. चार बारीक खाचा, आणि एका खाचेच्या तळाशी केसाएवढी रेघ. ओरखडा असेल का चीर? नखाला लागत नव्हती. मास्तरांनी भिंग लावलं, खांदे उडवले. मग मला तुमचा खडू आठवला: चिरेत तेल मुरू द्यायचं, वरून पुसायचं, आत राहिलेलं खडू ओढून बाहेर दाखवतो.

रॉकेल मिळेना, दिव्यात घालायचं पातळ तेल मिळालं. दांडी अर्धा तास त्यात बुडवून ठेवली, कोरड्या फडक्यानं अगदी लख्ख पुसली आणि फळ्यावरचा खडू किसून भुकटी चोळली. मास्तर कॉफी घेऊन बघायला आले. पाच मिनिटं काहीच नाही. मग पांढऱ्यावर एक ओलसर काळपट रेघ उमटली, खाचेतून निघून दांडीला जवळजवळ अर्धा वेढा घालणारी. मास्तरांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हटलं, माझे बाबा रेल्वेत होते, डब्याच्या चाकांचे आख्खे आस असे तपासायचे. रंगाच्या फवाऱ्यानं चिरा शोधतात ते मास्तरांना माहीत होतं, खडूचं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या पोराला हाक मारून दाखवलं. मी उगाच फडकं झटकत उभी राहिले.

ती दांडी अर्थातच गेली. सरळ केली म्हणजे बरी झाली असं नव्हतं. ९० चा नवा जोड घातला, पस्तीस युरो. म्हणजे स्कीच्या निम्म्याहून जास्त पैसे ब्रेकला. दादाला सांगू नका, तो हसेल. टाचेचा भाग परत चढवल्यावर बूट घालून पुढचा दाब, म्हणजे टाचेचा भाग बुटाला पुढे केवढा रेटतो ते, बघावा लागतो, खुणेच्या आतच काटा हवा. मग यंत्रावर बूट केवढ्या जोराला सुटतो ते तपासलं. हा आकडा मनानं ठरवत नाहीत. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही सावकाश जाणारे की सुसाट, एवढं बघून तक्त्यातून काढतात. पन्नाशी ओलांडली की एक पायरी कमी, म्हणजे लवकर सुटावं म्हणून. तुम्ही आलात की तुमचं मीच लावून देईन. आई नको म्हणणार, ठाऊक आहे.

गेल्या रविवारी परत गेले आणि परत पडले. दोन्ही स्की माझ्यापासून हातभर अंतरावर थांबल्या.

माझी मैत्रीण मार्चमध्ये मुंबईला येतेय. तिच्या मोठ्या बॅगेत जुना ब्रेक देतेय, लालबागला घरी आणून देईल. तिला चहाबरोबर आईच्या हातचं थालीपीठ द्या. दांडीवरचा खडू मी पुसलेला नाही. चीर पकडीच्या खाचेतच सुरू झाली की आधीपासून होती, याबद्दल माझं आणि मास्तरांचं जमत नाहीये. गॅलरीत उजेडात धरून बघा आणि कळवा. फोनवर नको, लिहून.

तुमची,
बेबी