नववीच्या वर्गातली पाकिटे आणि भाषणे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातल्या आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेची बातमी आपल्या दैनिकात छायाचित्रासह आली. ‘चंगळवाद आणि आजचा विद्यार्थी’ या विषयावर मुलांनी सभागृह मंत्रमुग्ध केले, असे तीत म्हटले आहे. मी त्या सभागृहात होते. बार्शीच्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते आणि दरवर्षी दोन-तीन मुलांना घेऊन अशा स्पर्धांना जाते. मंत्रमुग्ध म्हणाल, तर माझ्या शेजारी बसलेले एक पालक खरोखरच भान हरपून मुलाच्या प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवत होते. भाषण बहुधा त्यांनीच लिहिले असावे.

‘अध्यक्ष महोदय, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ इथून सुरुवात, मग चंगळवादाचा भस्मासुर, मग पाश्चात्त्यांचे अंधानुकरण, मग पिझ्झा-बर्गरला शिव्या आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. मुले गुणी होती, आवाज खणखणीत होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पिझ्झाला नावे ठेवणारा एक मुलगा ज्या गावाहून आला होता तिथे पिझ्झा मिळतच नाही. मिळतात त्या पाच रुपयांच्या कुरकुरीत खाऊच्या पुड्या; प्रत्येक टपरीला त्यांच्या माळा लटकलेल्या असतात आणि गावातले निम्मे पोर शाळेत येताना त्यातली एक तोडून आणते. त्या माळेबद्दल एकही वक्ता बोलला नाही. आणि व्यासपीठावर मुलांच्या मागे जो फलक होता, त्यावर स्पर्धेच्या नावापेक्षा प्रायोजक क्लासचे नाव मोठे होते. तुमच्या छायाचित्रातही तेच ठळक दिसते आहे.

आमच्याकडे वक्तृत्व शिकवतात म्हणजे पाठांतर करून घेतात. १ ऑगस्टला शेंगा आणि टरफले, ५ सप्टेंबरला गुरूंची महती, मधल्या काळात ‘मोबाईल : शाप की वरदान’. आणि ग्राहकाचे शिक्षण म्हणाल, तर २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा केल्याचा फोटो वर पाठवायचा असतो. तो दिवस स्नेहसंमेलनाच्या धामधुमीत येतो, त्यामुळे फोटो तेवढा निघतो. या दोन गोष्टी एकत्र शिकवल्या तर दोन्ही नीट शिकवता येतात, एवढेच मला सांगायचे आहे. मी ते काही वर्षे नववीच्या वर्गात करते आहे.

पद्धत साधी आहे. प्रत्येकाने घरातले एक रिकामे पाकीट, पुडा, बाटली नाहीतर ट्यूब आणायची, वर्गापुढे उभे राहायचे आणि त्याबद्दल दोन मिनिटे बोलायचे. अध्यक्ष महोदय नाहीत, सुविचार नाही, हातात कागद नाही, फक्त ते पाकीट. पुढे मोठ्या अक्षरांत काय आहे आणि मागे बारीक अक्षरांत काय आहे, हे वाचून दाखवायचे. मग वर्ग तीन प्रश्न विचारतो. भाषण चुकले तर चालते, पण प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. ‘माहीत नाही, बघून सांगते’ हेही उत्तर धरले जाते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हा नियम मी फळ्यावर लिहून देते. एवढ्या एका नियमावर मुले काय काय उकरून काढतात ते पाहण्यासारखे असते. ज्या बिस्किटाच्या पुड्यावर गव्हाची ओंबी रंगवलेली असते त्याच्या मागे पहिला मैदा निघतो, दुसरी साखर, तिसरे पामतेल. आंब्याच्या पेयावर आंबे दोन, आत रस किती टक्के ते शोधायला मुलांना बाटली उन्हाकडे धरावी लागते. गोरे करणाऱ्या एका क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला गोरेपणा काढून टाकला, हे एका मुलीने आईच्या ट्यूबवरून सांगितले आणि पुढे विचारले, ‘‘नाव बदललं, पण आतलं काय बदललं का, बाई?’’ तिला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळ्या मुली आपापल्या घरची ट्यूब आठवत बसल्या होत्या.

पांगरीकडून येणाऱ्या एका मुलीच्या आजीचे किराणा दुकान आहे. तिने चिवड्याची दोन पाकिटे आणली. एक आजचे, एक आजीने फळीवर अंथरलेले जुने. किंमत दोन्हींवर तीच, ग्रॅम वेगळे. ‘‘आज्जी म्हणली, दर हाय तिथंच हाय, माल पळालाय.’’ पाच आणि दहा रुपयांचे नाणे पोराच्या मुठीत मावते, ती किंमत कंपन्यांना सोडायची नसते. म्हणून कच्चा माल महागला की किंमत जागेवर राहते आणि वजन उतरते, हे अर्थशास्त्र त्या आजीने एका वाक्यात सांगितले. स्पर्धेचे परीक्षक याच मुलीचे ‘हाय’ आणि ‘म्हणली’ ऐकून शुद्धतेचे गुण कापतात. गेल्या खेपेला कापलेच. तिने ते वाक्य प्रमाण भाषेत म्हटले असते तर मला तरी ते इतके लक्षात राहिले नसते.

शाम्पूचा प्रकार वेगळाच झाला. मोठे घेतले की स्वस्त पडते, असे आपण सगळेच धरून चालतो. मुलांनी पुडी आणि बाटली यांचा मिलीलिटरमागे भाव काढला, तर एका कंपनीची पुडीच स्वस्त निघाली. गणिताच्या सरांना बोलावून भागाकार तपासून घेतला. बरोबर होता. ‘पुड्या घेणारी माणसं उधळी’ असे भाषण तयार करून आलेल्या मुलाची त्या दिवशी पंचाईत झाली. त्याने उभ्या उभ्या भाषण फिरवले आणि मग प्लास्टिकच्या कचऱ्याकडे वळला. तयारीच्या भाषणात ही वेळ कधीच येत नाही.

सगळ्यात रंगलेला तास थंड पेयाचा. स्टँडवर छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त घेतात, ‘थंड करण्याचे’ म्हणून. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, पाकीटबंद मालाला तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही, तो वजनमापांच्या म्हणजे वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे, असे सगळे एका मुलाने झोकात सांगितले. वर्गातून पहिला प्रश्न आला, ‘‘मग तू काय केलंस?’’ तो म्हणाला, ‘‘दिले दोन रुपये.’’ वर्ग हसला. मी मात्र पुढचा तास त्यावरच घेतला. एकाला दुकानदार केले, एकाला गिऱ्हाईक. आवाज न चढवता, ‘‘काका, छापील वीस आहे, वीसच घ्या, नाहीतर बावीसचं बिल द्या’’ एवढे वाक्य म्हणायला पोरांना घाम फुटला. सभेत पाच मिनिटे गर्जना करणारा आमचा बक्षीसपात्र वक्ता इथे पुटपुटला. आणि दुकानदार झालेला मुलगा खरोखरच दुकानदाराचा होता. तो म्हणाला, ‘‘फ्रीजचं लाईटबिल तू भरतोस का? बाटलीमागं मला सुटतं किती, ते विचार की.’’ तेही वर्गाने ऐकून घेतले. नियम नियमच राहिला, पण दुकानदाराला चोर म्हणून भाषण संपवायची सोय त्या दिवसापासून कोणालाच उरली नाही. तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक १९१५ फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला, तो मुलांनी वर्षभर पुसू दिला नाही.

मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एकांच्या मुलीने घरच्या मोबाईलचा हिशेब मांडला. ‘शून्य टक्के व्याज’ म्हणून घेतलेला. फाइलचा खर्च आणि रोखीने घेतला असता तर मिळाली असती ती सूट, दोन्ही मिळवून तिने व्याज काढून दाखवले. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, ते मी तिला नंतर सांगितले. तिला त्याची गरज नव्हती. एक मुलगा ऑनलाइन खरेदीतले उलटे धावणारे घड्याळ घेऊन उठला. ‘ऑफर संपायला पाच मिनिटे’ संपल्यावर ॲप बंद करून पुन्हा उघडले की पुन्हा पाच मिनिटे. अशा खोट्या घाईसकट १३ युक्त्यांवर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्या १३ ची यादी पाठ करायला मी सांगितली नाही. आणखी कुठे काय दिसते ते शोधायला सांगितले.

आता मुलांच्या सगळ्यात जवळच्या जाहिरातीकडे येते. जूनमध्ये गावभर क्लासचे फ्लेक्स लागतात. एकाच टॉपरचा फोटो दोन क्लासच्या फ्लेक्सवर असल्याचे आमच्या एका विद्यार्थ्याने हेरले. यशस्वी विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो वापरायचा नाही आणि त्याने नेमका कोणता कोर्स घेतला होता ते लपवायचे नाही, अशी तत्त्वे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी जाहीर केली आहेत. ती वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘बाई, आपल्या शाळेचा फ्लेक्स पण जाहिरातच की?’’ मी म्हटले, हो. मग ‘सुसज्ज प्रयोगशाळा’ या दोन शब्दांवर जे दोन मिनिटांचे भाषण झाले ते मुख्याध्यापकांनी दाराशी उभे राहून ऐकले. पुढच्या वर्षी फ्लेक्सवर ‘प्रयोगशाळा’ एवढाच शब्द आला. प्रयोगशाळा सुसज्ज झाली असती तर जास्त बरे झाले असते, पण असो.

या सगळ्याने मुले उद्धट होतात, असे मला काही पालकांनी आणि स्टाफरूममधल्या एक-दोघांनी सांगितले आहे. वक्तृत्वाच्या आयोजकांपैकी एकांनी तर ‘किराणा मालाचे भाषण व्यासपीठाला शोभत नाही’ असे सुनावले. ज्या पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना उभी केली. तेल-साखरेच्या भावावर जाहीर बोलणे हे महाराष्ट्रात कमीपणाचे कधीच नव्हते.

उद्धटपणाबद्दल एवढेच म्हणेन की मुलांना एक दिवस खरोखर बोलावे लागणार आहे. जिल्हा ग्राहक आयोगात वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारदार स्वतः उभा राहून आपली बाजू मांडू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे बार्शीच्या माणसाला बियाण्याच्या कंपनीविरुद्ध मुंबईला जायचे नाही, सोलापूरला जायचे आहे. दार उघडे आहे, पैसे पडत नाहीत, आणि तरी आपली माणसे जात नाहीत, त्यात भीती हे एक मोठे कारण आहे. चार अनोळखी माणसांपुढे काय घडले, कधी घडले, पावती कुठे आहे आणि मला काय हवे आहे, हे क्रमाने सांगता येत नाही. ‘भस्मासुर’ शब्दाचा तिथे काही उपयोग नाही.

शाळेला यासाठी नवा विषय नको, नवे पुस्तक तर मुळीच नको. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत जाहिरातलेखन आहेच. ‘आकर्षक’ जाहिरात लिहिली की गुण. तिच्याच शेजारी एखादी छापील जाहिरात देऊन ‘यातला कोणता दावा तपासता येईल, तो कसा तपासाल?’ असे विचारता येईल. भाषेचे २० गुण अंतर्गत, म्हणजे शाळेनेच द्यायचे आहेत. ते २०१९ च्या निकालाच्या वेळी नव्हते, निकाल घसरल्यावर परत आले, आणि परत आल्यापासून बहुतेक ठिकाणी कसे वाटले जातात ते आपण सगळे जाणतो. त्यातले थोडे तरी प्रत्येक मुलाच्या दोन मिनिटांच्या बोलण्याला खरेखुरे द्यावेत.

आणि वक्तृत्व स्पर्धांच्या आयोजकांना माझी मागणी अशी : परीक्षकांच्या तक्त्यातला ‘पाठांतर’ हा रकाना काढून तिथे ‘प्रश्नांना उत्तरे’ हा रकाना घाला. भाषणानंतर परीक्षकांनी दोन प्रश्न विचारावेत. बोलीतला शब्द आला म्हणून गुण कापू नयेत. विषय महिनाभर आधी न देता अर्धा तास आधी द्यावा, म्हणजे भाषण पालकांच्या हातचे राहणार नाही. व्यासपीठावरच्या फलकाबद्दल मी काही म्हणत नाही; प्रायोजक लागतातच, चहा-वडापावचा खर्च कोणीतरी करायला हवा. एखाद्या वक्त्याने त्याच फलकाबद्दल दोन मिनिटे बोलायचे ठरवले, तर त्याला तेवढे अडवू नका.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेच्या नियमावलीची बैठक उन्हाळ्याच्या सुटीआधी होते. तिच्याआधी हे पत्र छापता आले तर उपकार होतील.

आपली,
एक मराठी शिक्षिका
बार्शी, जि. सोलापूर