पाण्यासाठी किटलीच वापर

सातपूर, नाशिक
रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू उजवा हात सारखा खाली घेत होतास. दोनदा विचारलं तेव्हा सांगितलंस, मायक्रोवेव्हमधून कप काढला, कॉफी घातली आणि पाणी उसळून हातावर आलं. मला रात्रभर झोप नाही. वर टूथपेस्ट लावलीस म्हणे! भाजलं की लगेच वीस मिनिटं नळाच्या धारेखाली हात धरायचा, असलं काही लावायचं नाही. फोड फोडू नकोस आणि उद्या डॉक्टरांना दाखव.

यात तुझा धांदरटपणा नव्हता. पाण्याची ही खोड फार थोड्यांना ठाऊक असते. यापुढे पाणी तापवायला विजेची किटलीच वापर; का, ते सविस्तर लिहिते.

पातेल्यात आधी तळ तापतो. तळावरच्या बारीक ओरखड्यांत हवा अडकलेली असते, तिथून बुडबुडे सुटतात आणि आपण म्हणतो आधण आलं. मायक्रोवेव्हच्या लहरी थेट पाण्यालाच तापवतात, भांडं पाण्यापेक्षा गार राहतं. त्यात तुझा कप काचेचा, नवाकोरा, आतून गुळगुळीत. बुडबुडा धरणार कुठे? असं पाणी उकळबिंदूच्याही वर जातं आणि दिसतं मात्र निवांत. तू ते एकदा तापवून विसरलास, मग पुन्हा दोन मिनिटं लावलंस. पाण्यात विरघळलेली हवा पहिल्याच वेळी बरीचशी निघून गेली होती, म्हणून दुसऱ्यांदा तापवणं जास्त धोक्याचं. कॉफीच्या कणांबरोबर थोडी हवा आत गेली आणि थोड्या पाण्याची एकदम वाफ झाली. वाफेला पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते रे, ती कपात कशी मावेल?

आपली जुनी किटली बंद पडली तेव्हा मी ती उघडली होती, आठवतं? बावीस वर्षं पॅनेल वायरिंगच्या टेबलावर काढली, बंद पडलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. आत रुपयाच्या नाण्याएवढी पातळ चकती निघाली, दोन धातूंचे पत्रे एकमेकांना जोडलेली. पाणी उकळलं की वाफ एका बारीक वाटेने तिच्यापर्यंत येते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तापलेली चकती टक् करून उलटी वाकते आणि बटण पडतं. मी ती चिमट्याने मेणबत्तीवर धरली, तर चिमट्यातल्या चिमट्यात उसळली. नाशिक काय, पुणं काय, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच; आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. किटलीला ते सांगावं लागत नाही, वाफ आली की ती थांबते. मायक्रोवेव्हला आपण फक्त मिनिटं सांगतो, आत पाण्याचं काय झालं ते त्याला कळत नाही. एवढ्याचसाठी माझा आग्रह आहे. किटलीचं झाकण मात्र नीट लाव. ते उघडं राहिलं तर वाफ चकतीकडे जात नाही आणि पाणी उकळतच राहतं.

विजेचं म्हणशील, तर लिटरभर पाणी उकळायला किटलीला साधारण 0.1 युनिट लागतं, मायक्रोवेव्हला 0.15 च्या आसपास, कारण घेतलेल्या विजेतली बरीचशी त्याच्या स्वतःच्या तापण्यात जाते. पण कपभर पाण्यासाठी किटली काठोकाठ भरलीस तर ही बचत उरणार नाही. लागेल तेवढंच घाल, फक्त आतल्या खालच्या खुणेच्या वर.

आता सॉकेट. तुला पाठवतेय ती नवी किटली 1500 वॅटची आहे, म्हणजे 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर. तुझ्या टेबलाजवळचं मोबाइल चार्जिंगचं सॉकेट 6 अँपिअरचं आहे, मी आले होते तेव्हा पाहिलंय. त्यात मल्टिप्लग लावून किटली चालवायची नाही. वितळलेली, काळी पडलेली सॉकेटं मी खूप बदलली आहेत. मायक्रोवेव्हचं सॉकेट 16 चं आहे, तिथेच आलटूनपालटून लाव.

पोळीभाजी गरम करायला मायक्रोवेव्ह खुशाल वापर. कधी पाणी तापवायची वेळ आलीच, तर आइस्क्रीमची लाकडी काडी कपात टाकून मगच सुरू कर, आणि झाल्यावर मिनिटभर दार उघडू नकोस.

किटली मेन रोडवरून आणली आहे. तुझ्या मामाचा सचिन बुधवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते, चिवडाही आहे. पहिल्यांदा उकळलेलं पाणी ओतून दे, पिऊ नकोस. बुधवारी रात्री फोन कर, आणि या वेळी हात कॅमेऱ्यासमोर धर.

तुझी,
आई