धारण तलावांचा गाळ कोणत्या खात्यात?

मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की वाशीकरांच्या पोटात गोळा येतो. नवी मुंबईचा बराच भाग भरतीरेषेखाली; म्हणून तर शहर वसवतानाच धारण तलाव खोदले: भरतीत पावसाचे पाणी साठवायचे, ओहोटीला खाडीत सोडायचे. आता त्यांत गाळ आणि खारफुटी! खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. ते योग्यच, तीही किनारा राखतेच. पण गाळ मात्र रेंगाळतो. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्प, म्हणजे हवामानबदलाशी निगडित खर्च वेगळा दाखवणारा अहवाल, मांडला. राज्याच्या अर्थसंकल्पात मात्र किनारी शहरांच्या पूररक्षणाचा आकडा शोधायला बसलो, तर जलसंपदा, नगरविकास, पर्यावरण अशी खाती चाळत दुपार गेली. हा खर्च जिल्हावार एका ठिकाणी छापावा. निदान भांडायचे कोणाशी, ते तरी कळेल.

– एक वाचक, वाशी