बोर्डाआधी बूट: कार्व्हिंगला निघालेल्या मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. सकाळी उतार उघडताच कोणीतरी स्नोबोर्ड एका कडेवर जवळजवळ आडवा कलंडवून तुझ्या समोरून गेला, मागे पेन्सिलीने ओढावी तशी बारीक रेघ राहिली आणि तू थांबून, हातमोजा काढून त्या रेघेत बोट घालून पाहिलेस, हे वाचताना मला फार आनंद झाला. त्या चरीच्या काठाला खरवडलेला बर्फ तुला दिसला नाही, कारण तिथे बोर्ड घसरलाच नव्हता. बोर्डाच्या धातूच्या कडेच्या पुढच्या भागाने जी चर कोरली तिच्यातूनच मागचा भाग गेला होता. मऊ सॉफ्टबूटांवर इतकी वर्षे काढल्यानंतर आता तुला हेच, म्हणजे कार्व्हिंग, शिकायचे आहे, तर मला माहीत आहे ते सगळे मी मनापासून लिहितो.

मात्र तुझ्या पत्रात बोर्डाविषयी चार पाने आहेत आणि बुटांविषयी एक ओळ. मी हा क्रम उलटा करणार आहे. कार्व्हिंगमध्ये तुझ्या पायाचा प्रत्येक इशारा आधी बुटाला, मग बूट बोर्डाला जखडणाऱ्या बाइंडिंगला आणि शेवटी कडेला पोहोचतो. बुटातच तो हरवला, तर उत्तमातला उत्तम बोर्डही काही करू शकत नाही.

हे मी स्वतः भोगले आहे. पहिले हार्डबूट, म्हणजे कडक प्लास्टिकचे बूट, मी सोईसाठी एक माप मोठे घेतले. सकाळी ते सुखाचे वाटत. दुपारपर्यंत टाच उचलू लागे, म्हणून मी बकल आणखी आवळत असे, मग पाऊल बधिर होई आणि टाच तरीही उचलतच राही. चवड्याकडच्या वळणात नडगी कफवर, म्हणजे बुटाच्या वरच्या भागावर, टेकत असल्यामुळे कसेबसे निभावत होते, पण टाचेकडच्या प्रत्येक वळणात बोर्डाची पकड मध्यावर सुटत होती. अख्खा हंगाम मी बोर्डाला दोष दिला. पुढच्या वर्षी योग्य मापाचे बूट घातले आणि तोच बोर्ड, तीच बाइंडिंग असताना पहिल्याच सकाळी टाचेकडची कड धरून राहिली.

म्हणून माप असे घे. उभे राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, टाच भिंतीला लावून पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये मोज. बुटांचे मोंडो माप म्हणजे हीच लांबी, 27 सेंटीमीटरच्या पावलाला 27. त्यानंतर आतले मऊ लाइनर काढून नुसत्या बाहेरच्या कडक शेलमध्ये पाय घाल आणि बोटे पुढे जेमतेम टेकव. टाचेमागे 1 ते 1.5 सेंटीमीटर जागा उरली तर शेल तुझ्या मापाचे आहे. 2 सेंटीमीटरहून अधिक उरली तर कितीही आवडला तरी तो बूट सोडून दे. लाइनर उष्णतेने पावलाच्या आकाराचे करून घेता येते आणि एखाद्या जागी हाड दुखत असेल तर तेवढ्यापुरते शेलही फुगवता येते. अरुंद बूट असा मोकळा होतो, पण लांब बूट आखूड करण्याचा उपाय मला आजवर सापडलेला नाही.

घरात पडून असलेले स्कीचे बूट चालतील का, असेही तू विचारतोस. दोन-चार दिवस अनुभव घेण्यापुरते काही जण ते वापरतात, पण त्यांचा तळ लांब असतो, त्यामुळे अरुंद बोर्डावर पुढची आणि मागची टोके कडेबाहेर येतात. शिवाय घोट्याला पुढे-मागे जी हालचाल हवी असते ती ते देत नाहीत. डीलक्स किंवा यूपीझेड या कंपन्यांसारखे खास हार्डबूट पाहिलेस तर मागच्या बाजूला कफचा पुढे कल ठरवणारी यंत्रणा दिसेल. ती एका जागी घट्ट बसवता येते, किंवा तिथे स्प्रिंग लावता येते, म्हणजे घोटा वाकतो पण प्रतिकारासकट वाकतो. माझे मत स्पष्ट आहे: स्प्रिंग घे. खडबडीत बर्फावर घोटा जिवंत राहिला तरच कड जमिनीला चिकटून राहते. मागच्या पायाच्या बुटाला पुढच्यापेक्षा थोडा जास्त कल दे. जुने बूट घेणार असशील तर शेल उजेडात धरून बकलांच्या रिबिटांभोवती तडे पाहा. प्लास्टिक वयानुसार ठिसूळ होते आणि बाहेरून चकचकीत दिसणारे शेलही थंडीत अचानक फुटू शकते.

बाइंडिंगचे दोन प्रकार आहेत. एकात टाचेला आणि पुढे धातूच्या जाड तारेची कडी असते आणि पुढची कडी खटक्याने बंद होते. दुसऱ्यात, म्हणजे स्टेप-इनमध्ये, बुटाच्या टाचेतच स्प्रिंगच्या दोन खिळ्या असतात, त्या बाइंडिंगमध्ये आपोआप बसतात आणि बुटाच्या बाजूने वर आलेली दोरी ओढली की सुटतात. मी स्टेप-इन वापरतो, पण एकदा टाचेखाली बर्फाचा गोळा दाबला गेल्यामुळे एकच खिळी बसली होती आणि ते मला दुसऱ्या वळणावर कळले. तेव्हापासून मी आधी टाच घासून साफ करतो, आवाज ऐकतो आणि निघण्याआधी टाच जोराने वर ओढून पाहतो. स्कीच्या बाइंडिंगप्रमाणे पडल्यावर पाय मोकळा करणे हे या दोन्हींपैकी कोणाचेच काम नाही, हे लक्षात ठेव. कडकपणाचे म्हणशील तर एफ-टूची बाइंडिंग थोडी लवचीक असतात, बॉम्बरची जाड ॲल्युमिनियमची आणि अधिक ताठ. पहिल्या वर्षी लवचीक बरी.

आता बाइंडिंगचा कोन, म्हणजे बोर्डाच्या आडव्या रेषेपासून बूट पुढच्या टोकाकडे किती वळवायचा ते. कुणाचे छायाचित्र पाहून 65 अंश लावू नकोस. तुझे पाऊल आणि बोर्डाची कंबर, म्हणजे मधल्या सर्वांत अरुंद जागेची रुंदी, मिळून तो आकडा ठरवतात. बूट बोर्डावर ठेव आणि बुटाची टोके वरून पाहता दोन्ही कडांच्या रेषेत किंवा किंचित आत येईपर्यंत फिरव. टोक बाहेर राहिले तर बोर्ड आडवा होताच बूट बर्फाला लागतो आणि कड उचलली जाते; ते फार आत गेले तर कडेवर जोर पोहोचत नाही. कंबर 20 सेंटीमीटरच्या आसपास असेल तर बहुधा 55 ते 60 अंशांवर येशील. पुढचा पाय मागच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त वळलेला ठेव. पुढच्या पायाच्या बोटांखाली आणि मागच्या पायाच्या टाचेखाली पाचर बसवायची असते, कारण दोन्ही पाय एकामागे एक आणि सुमारे अर्धा मीटर अंतरावर असताना गुडघे त्याशिवाय सुखाने वाकत नाहीत. दोन्हीकडे 3 अंशांपासून सुरुवात कर, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि ती वहीत टिपून ठेव. मी एकाच दुपारी कोन, पाचर आणि पायांतले अंतर असे तिन्ही बदलले होते; वळण सुधारले, पण कशामुळे ते समजले नाही.

आणि अखेर तुझा लाडका बोर्ड. 2018 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चेक खेळाडू एस्टर लेडेट्स्काने स्कीवर सुपर-जी आणि स्नोबोर्डवर समांतर जायंट स्लॅलम या शर्यतींत दोन सुवर्णपदके जिंकली, आणि तुला तिच्यासारखाच लांब शर्यतीचा बोर्ड हवा आहे. ती ओढ मला कळते, पण हा हिशेब पाहा. बोर्डाच्या कडेची जी आत गेलेली कमान असते, तिची त्रिज्या बोर्ड कलंडवला की लहान होते. 60 अंश कलल्यावर ती साधारण निम्मी होते. म्हणजे 12 मीटर त्रिज्येचा बोर्ड त्या कलाला सुमारे 6 मीटरचे वळण घेतो, आणि त्या वळणात तितकेच कलून तोल सांभाळायला ढोबळमानाने ताशी 36 किलोमीटर वेग लागतो. 20 मीटर त्रिज्येच्या बोर्डावर वळण 10 मीटरचे होते आणि त्याच कलासाठी ताशी 47 किलोमीटर वेग लागतो. नवशिक्याला तो वेग नको असतो, म्हणून तो पुरेसा कलत नाही, म्हणून बोर्ड वळत नाही, म्हणून तो मागचा पाय ढकलून बोर्ड फिरवतो, आणि जी सवय मोडायला आपण निघालो तीच अधिक पक्की होते. तू 160 ते 170 सेंटीमीटर लांबीचा, 10 ते 12 मीटर त्रिज्येचा बोर्ड घे. डोनेकसारखे बनवणारे तुझे वजन आणि बुटाचे माप विचारून त्याप्रमाणे बोर्डाचा ताठपणा ठरवतात. तिथे वजन खरे सांग. टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा थर असलेला बोर्ड थरथर शोषून घेतो आणि कडक बर्फावर विलक्षण शांत राहतो, पण जोराने दुमडला तर कायमचा वाकतो, त्यामुळे तो पुढच्या खेपेला. जुना बोर्ड घेतलास तर कडेत किती धातू शिल्लक आहे, थर सुटले आहेत का आणि स्क्रूची भोके शाबूत आहेत का, हे आधी पाहा. कड बाजूने 88 अंशांची ठेव आणि कड घासायला हिऱ्याचा दगड खिशात असू दे. बोथट कडेवर शिकणे म्हणजे स्वतःच्या शरीराविषयी चुकीचे निष्कर्ष काढणे.

पहिले दिवस सौम्य, रुंद आणि सकाळच्या ताज्या उतारावर घालव. बोर्ड नुसता कलंडव आणि तो वळेपर्यंत थांब. हे थांबणेच सर्वांत अवघड आहे. चवड्याकडच्या वळणात बर्फाला हात लावायचा मोह होईल, तेव्हा हात राहू दे आणि कंबर बर्फाकडे ने. टाचेकडच्या वळणात खुर्चीत बसल्यासारखा मागे बसू नकोस. मागचा हात पुढच्या बुटाकडे आण, म्हणजे खांदे आपोआप वळणाकडे येतील. प्रत्येक वळणाआधी वरच्या बाजूला नजर टाक, कारण कार्व्ह करणारा उताराची पूर्ण रुंदी वापरतो, कधी वळणाच्या शेवटी पुन्हा वरही चढतो, आणि मागून येणाऱ्याला त्याची कल्पना नसते. ऊन वाढून बर्फ भुसभुशीत झाला आणि तुझी चर कोसळू लागली की त्या दिवसापुरते थांब.

पावलाची लांबी आणि रुंदी, घोट्याखाली पूर्वी दुखावलेली जागा असेल तर ती, आणि तुझे आजचे वजन मला उलट टपाली कळव. बुटांचे माप आपण दोघे मिळून नक्की करू आणि तोवर बोर्डाचे पैसे कोणाला देऊ नकोस.

तुझा स्नेहांकित मित्र