फोंड्याच्या मेस्तकाकांना, जुन्या डिझेलवाल्यांकडून

मेस्तकाका, सा. न.

आधी पार्ट बदलायचा आणि मग दुखणं शोधायचं, ही उलटी रीत तुमच्या गॅरेजात तुम्ही आम्हा जुन्या डिझेलवाल्यांकडून सोडवलीत. त्याबद्दल हे जाहीर आभार. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या काढणं थांबवलं. त्यामुळे १२४८ सीसीचं डिझेल इंजिन असलेल्या स्विफ्ट-डिझायर आता वयस्करच भेटणार. त्या चालवणाऱ्या इतरांनाही तुमची पद्धत कळावी, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

सकाळी गाडी उशिरा उठते म्हटलं की सगळे ग्लो प्लगवर, म्हणजे थंड इंजिनाला ऊब देणाऱ्या प्लगवर, घसरतात. तुमचं म्हणणं सरळ होतं: गोव्यात डिसेंबरच्या पहाटेही पारा विशीच्या आसपास असतो, तेवढ्या उबेत धडधाकट कॉमन रेल इंजिन (ज्यात एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं) प्लगवाचूनही पेटतं. जुन्या इंडिकासारखं प्री-चेंबरचं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारं) इंजिन असेल तर गोष्ट वेगळी, त्याला प्लग लागतोच. बाकीच्यांनी सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि स्टार्टर फिरताना आकडा साडेनऊच्या खाली जाता कामा नये. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिन ब्लॉकवर ठेवून स्टार्टर मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणारी वायर) गेली. कांदोळी-मोरजीकडच्या खाऱ्या हवेत ही पट्टी इन्सुलेशनच्या आतून हिरवी पडते, वरून मात्र छान दिसते. स्टार्टर मंद फिरला की रेलमध्ये दाब उठत नाही, आणि तो साधारण दोन-अडीचशे बार झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. दोष पट्टीचा आणि बिल रेलला दाब देणाऱ्या पंपाचं, असं यातूनच होतं.

स्टार्टर जोरात फिरतो तरी इंजिन पेटत नाही, तर स्कॅनरवर (ईसीएमला जोडून आकडे आणि दोषाचे कोड दाखवणारं यंत्र) स्टार्टर मारताना इंजिनचे फेरे, म्हणजे आरपीएम, बघायचे. शून्य दिसलं तर हे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्काम ठोकणारे उंदीर यात सराईत आहेत.

सगळ्यांत जास्त पैसे वाचले ते पी ००८७ या कोडपायी. हा कोड सांगतो एवढंच की रेलमधला दाब कमी पडतोय. पंप खराब आहे असं तो कुठेही म्हणत नाही, पण बहुतेक ठिकाणी पंपाचंच कोटेशन हातात पडतं. तुमचा क्रम असा: पहिल्यांदा डिझेल फिल्टर. त्याच्या बुडाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं, पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं. जून ते सप्टेंबर हे महिन्याला एकदा करावं, अर्धी टाकी ठेवून फिरणाऱ्यांनी तर नक्कीच. मग फिल्टर ते पंप या पट्ट्यात वीतभर पारदर्शक नळी बसवायची. स्टार्टर मारताना नळीत बुडबुडे धावले तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. प्रायमर पंप (लाइनमधली हवा काढायचा छोटा पंप) आणि फिल्टरची ओ-रिंग (रबरी कडी) हे नेहमीचे गुन्हेगार. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास देणाऱ्या गाड्यांत बहुधा हेच निघतं.

त्यानंतर रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परतणाऱ्या डिझेलची, चाचणी. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, गाडीकडे जाणारी रिटर्न लाइन बंद करायची आणि इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवायचं. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत तिपटीने जास्त, तर तो इंजेक्टर आतून गळतोय आणि दाब तिथून पळतोय. हे सगळं निर्दोष निघाल्यावर प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि पंप सगळ्यांत शेवटी. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावर छापलेला कोड नंबर ईसीएममध्ये भरायचा आणि बुडाचा तांब्याचा वॉशर नवाच घालायचा. इंजेक्टरच्या मुळाशी काळा डांबरी थर आणि फस्-फस् आवाज असेल, तर बहुधा फक्त तोच वॉशर गेलेला असतो.

चोर्ला घाटात गाडी दम टाकते आणि कोड पी ०२९९ (टर्बोचा दाब कमी) येतो, तेव्हा इंजिनात हवा दाबणाऱ्या टर्बोच्या आधी ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी पाइप चाचपायचा. चीर वळणावर खालच्या बाजूला असते, बोट फिरवलं की तेलकट काजळी लागते. मग टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी. आणि डिचोली-सांखळी-कुडचडेकडच्यांनी एअर फिल्टर, खाणीची तांबडी धूळ कंपनीचं वेळापत्रक बघत नाही.

धुराबद्दल थोडक्यात: काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे तेल जळतंय, पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटकडे (इंजिन ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधल्या सीलकडे) बघा, पण टाकीचं झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा.

एक ताकीद मात्र तुमच्याच शब्दांत सगळ्यांना ऐकवायला हवी. जुन्या पंपाच्या गाडीत एकेक पाइपाचा नट सैल करून मिसफायर शोधायचे दिवस गेले. कॉमन रेल चालू असताना त्या पाइपाला पाना लावायचाच नाही. हजार-सोळाशे बारचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं आणि बोट कापायची पाळी येते.

हे सगळं तुम्ही गिऱ्हाइकाला समोर उभं करून दाखवता आणि तपासणीचेच तेवढे पैसे घेता. धंद्याच्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार, हे आम्हाला कळतं. चवथीला गावी जाणाऱ्या गाड्यांची आता तुमच्याकडे रांग लागेल. आम्ही फिल्टरचं पाणी काढून आणि बॅटरी मोजून येऊ, आकडे चिठ्ठीवर लिहून आणू, तेवढाच तुमचा वेळ वाचेल.

आपले,
फोंडा-डिचोलीकडचे जुने डिझेलवाले