'सुखरूप स्वाधीन' केल्यानंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातून पळालेल्या मुलाला नागपूर स्थानकावर 'पकडून' पालकांच्या सुखरूप स्वाधीन केल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. (पकडून! जसं काही पाकीट मारलं होतं.) फोटोत मुलाचा चेहरा पुसट केला होता. बापाचा मात्र स्वच्छ दिसत होता आणि खाली गावाचं नावही होतं. मग ओळखायचं काय राहिलं? बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशी ओळख छापायला मनाई करतं.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने. असाच एक फोटो माझाही निघाला होता.

मी रेल्वेत टीसी होतो. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. पळालेली पोरं इथे उतरतातच, गाडी बदलायला म्हणून नाहीतर आमच्यासारख्याने उतरवलं म्हणून. एका मे महिन्यात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा मला स्लीपरच्या बर्थखाली सापडला. "मायबाप मेले," म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाप हजर! दारूचा वास नाही, आवाज चढलेला नाही, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस. पोरासाठी नवा शर्ट आणलेला, आम्हाला पेढे. पोराने नवा शर्ट जुन्यावरच चढवला. जुना काढ म्हटलं तर गच्च धरून बसला. नागपूरचा मे महिना आणि अंगात दोन शर्ट. आम्ही हसलो. कागद झाले, सह्या झाल्या, फोटो निघाला. मी पेढाही खाल्ला.

दोन महिन्यांनी संत्रा मार्केटच्या बाजूला तो पुन्हा दिसला. हातात चिंधी, चिंधीला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. मला पाहून पळाला. पोलिसाला पाहून नाही, मला पाहून.

पुढे एकदा पोह्याच्या ठेल्यावर गाठ पडली. तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा संपेस्तोवर एक शब्द नाही. मग म्हणाला, "तुम्हीच धाडलं न मले?" अभ्यास झाला नाही की बाप त्याला रात्रभर गोठ्यात बांधून ठेवायचा. गाईच्या दाव्याने मारायचा. पाठीवर त्याचेच वळ होते, म्हणून दोन शर्ट. सोल्यूशन कशाला ओढतो, विचारलं. "झोप लागते जी. नाही त गोठा दिसते."

आपण याला व्यसनी पोरगं म्हणून मोकळे होतो.

कायदा काही आंधळा नाही. २०१५ च्या कायद्यानुसार असं मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं आणि आईबाप सांभाळायला योग्य आहेत हे ठरवल्यावरच परत देता येतं. पण आमच्या पोराला विचारलं कसं? बाप शेजारी बसलेला, आणि एका साहेबांनी विचारलं, "जाशील न बेटा घरी?" त्याने मान हलवली. झाली चौकशी!

बापाला बाहेर बसवून विचारायला किती वेळ लागतो? मूल घरी गेल्यावर समुपदेशकाने त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलायला हवं. रात्री झोपतं का, दचकून उठतं का, हे पहिल्या भेटीत कोणी सांगत नाही. मला तर दोन प्लेटा पोहे लागले. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ आहे. बर्थखालच्या पोराकडे फोन कुठला, हे खरं. पण शेजारणीकडे असतो, मास्तरांकडे असतो. अशा बातमीखाली हे दोन आकडे छापायला आपल्याला चार ओळींची जागा पुरेल.

आणि एक विनंती. आपल्या बातमीदाराने महिनाभराने बालकल्याण समितीच्या कार्यालयात एक फोन करून विचारावं, की त्या मुलाच्या घरी नंतर कोणी जाऊन आलं का? उत्तर जे येईल तेही छापावं, फोटोएवढ्याच जागेत.

आपला,
एक सेवानिवृत्त टीसी, अजनी, नागपूर
(नाव छापू नये.)